पिवळ्या रंगाखालचं बूच

सव्वीस वर्षं एकाच खात्यात राबलेल्या त्या ऑपरेटरचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे उरलं नव्हतं. सगळे त्याला शंकासूर म्हणत. पंप फिटरच्या हाती उघडायला देण्याआधी त्यातला दाब उतरवून देणं, हे त्याचं काम. दोन्ही अंगांचे व्हॉल्व्ह बंद करायचे. मधे अडकलेलं ॲसिड आणि त्याची वाफ ब्लीडमधून, म्हणजे बोटाएवढ्या एका नळीतून, रबरी पाइप लावून पाण्याच्या पिंपात सोडायची. फुसफुस थांबली की नळीत तार घालून बघायचं, कारण गाळाने तोंड बुजलं तरी नळी गप्पच बसते. मगच पंप उघडायच्या परवान्यावर सही. दाबमापकाचा काटा शून्यावर आहे, असं कुणी म्हटलं की तो विचारी, "चेहरा भाजला तर काट्याचा भाजतो का?"

घरी तो बायकोला कुकरचं झाकणही उघडू देत नसे. शिट्टी उचलून, चमच्याने टोचून, कान लावून बघे. ती वैतागे, "अहो, बटाटे आहेत ते, बॉम्ब नाहीत!"

नवे मॅनेजर आले ते रंगाचा डबा घेऊनच. खात्याखात्यांत स्वच्छतेच्या ढालीसाठी चुरस लावलेली. ब्लीडच्या नळ्या कधीमधी ठिबकतात, फरशीवर डाग पडतात आणि डाग फोटोत दिसतात. तेव्हा साहेबांच्या सुपीक डोक्यातून तोडगा निघाला: प्रत्येक नळीच्या तोंडाला बूच आवळा आणि वरून पिवळा रंग फासा. शंकासूर तेव्हा मोतीबिंदू काढायला रजेवर होता. ढाल मिळाली, काचेच्या कपाटात बसली. जन्मात पाना न धरलेल्या मंडळींनी तिच्याशेजारी छाती काढून फोटो काढले.

तो कामावर परतला त्याच सकाळी तिसरा पंप उघडायचा होता. फिटर होता त्याचा जावई, लग्नाला वर्षही न झालेला. शंकासूर पोहोचला तेव्हा जावई पाना घेऊन उकिडवा बसला होता, तोंड बरोबर पंपाच्या जोडासमोर.

"ब्लीड उघडला?"

"केव्हाच," सुपरवायझर म्हणाला. "थेंब नाही, आवाज नाही. रिकामा आहे."

"पंप तासाभरापूर्वी चालत होता ना? आणि एवढ्यात हूं की चूं नाही? जावईबापू, उठा तिथून."

जावयाचे कान लाल झाले. "बाबा, सगळे बघतायत."

"बघू देत. बघायलाच जमलेत, कामाला कोण येतं?"

तेवढ्यात मॅनेजर आले. "काय शंकासूर, डोळा नवा बसवला तरी दिसेना? काटा शून्यावर, ब्लीड कोरडा. करा सही."

"ज्याला दिसतंय त्याने करावी. या साहेब, बसा इथे. पहिला बोल्ट तुमच्या हातचा."

साहेब बसले नाहीत. इस्त्रीची काळजी असावी. "जावयाला कायम करायचा कागद माझ्या टेबलावर आहे, एवढं लक्षात असू द्या."

"असू दे की. माझ्या पोरीला आधी धड डोळ्यांचा नवरा हवाय."

त्याने नळीच्या तोंडावर नख घासलं. रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली बूच दिसलं. आवाज येणार कुठून? स्वतःच तोंड बांधायचं आणि वर जगाला सांगायचं, बघा, याची काही तक्रार नाही! असली अक्कल साध्या माणसाला सुचत नाही. तिला केबिनच लागते.

त्याने ब्लीडचा व्हॉल्व्ह पुन्हा बंद केला, सगळ्यांना मागे सारलं, हातमोजे आणि तोंडावरची काच चढवली. बूच सावकाश काढलं, पाइप जोडला, दुसरं टोक पिंपात बुडवलं. मग व्हॉल्व्ह केसभर उघडला.

पाइप ताठ झाला. पिंपातलं पाणी खदखदू लागलं. काटा गाळाने अडकलेला, तो शून्यावरच सुखात होता. मागचा व्हॉल्व्हही नीट बसला नव्हता, त्यातून ॲसिड आत झिरपत होतं. शंकासुराने तो सगळा जोर लावून आवळला, तरी पाइप वाजतच होता. पिंपातून चार थेंब बाहेर उडाले आणि फरशीवरचा रंग चरचरला.

"अरे, फरशी!" साहेबांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा.

मघाशी आपलं तोंड जिथे होतं त्या जागेकडे जावई बघत राहिला.

अखेर आवाज थांबला. शंकासुराने तार घातली, पुन्हा कान लावला, थोडं थांबला आणि सही केली. जावयाने बोल्ट काढले, पंप उघडला. आत जेमतेम वाटीभर ॲसिड निघालं.

दुपारी साहेबांनी नोंदवहीत स्वतःच्या सुबक अक्षरात लिहिलं: 'कामास पाऊण तास उशीर. कारण: ऑपरेटरची अकारण शंका.' खाली ऑपरेटरची आणि फिटरची सही हवी होती.

शंकासुराने वाचलं. "अक्षर छान आहे," म्हणाला आणि वही सरकवून दिली. सही केली नाही.

"तुम्ही तरी करा," साहेब जावयाला म्हणाले. "तुमचा कागद आजच पुढे पाठवायचाय."

जावयाने पेन घेतलं. शंकासूर खिडकीबाहेर बघू लागला. पोराला ओशाळं वाटू नये म्हणून. पेन बराच वेळ चालत राहिलं. एका सहीला एवढा वेळ लागत नाही, म्हणून त्याने वळून पाहिलं. साहेबांच्या ओळीखाली ग्रीसच्या काळ्या बोटांनी, वेड्यावाकड्या अक्षरांत जावयाने लिहिलं होतं: 'ब्लीडला बूच मारलेलं होतं. ते काढल्यावर अकरा मिनिटं दाब निघत होता. मी तिथेच होतो.'

आणि त्याखाली पूर्ण नावानिशी सही.