साहेब घरी गेले!

नववीत शाळा सोडून मी गोंदियाकडून सिन्नरच्या कारखान्यात आलो, तेव्हा गेटवर अंगठ्याच्या हजेरीचं मशीन नुकतंच बसलं होतं. महिनाभरातच लोखंड घासून घासून माझा अंगठा इतका गुळगुळीत झाला होता, की मशीन मला ओळखायचंच नाही. असे खाडे पडत गेले तर नोकरी जाईल, या धास्तीने मी रोज गेटवर अंगठा पुसून पुसून लावायचो.

एका सकाळी माझ्यापुढे सुपरवायझर साहेब अंगठा लावून आत गेले. काच तरी पुसून बघू म्हणून, चष्म्यावर करतात तसं मी तिच्यावर ‘हाऽऽ’ केलं. पुसायच्या आतच मशीन म्हणालं, ‘थँक्यू’, आणि वर साहेबांचं नाव झळकलं. काचेवर उरलेल्या त्यांच्या ठशालाच ते अंगठा समजलं होतं!

वॉचमनकाका ओरडले, "साहेब, तुम्ही घरी गेले! मशीन आऊट दावतंय!"

साहेब धावत आले. मला वाटलं, संपलं आपलं. पण त्यांनी स्वतःच ‘हाऽऽ’ केलं आणि ते परत कामावर आले. मग काकांनी ‘हाऽऽ’ करून त्यांना पुन्हा घरी पाठवलं. रांगेतले सगळे "आता मी, आता मी" करायला लागले. साहेब हसून हसून पायरीवर बसले.

"असलंच मशीन उद्या स्टोअरच्या दाराला कुलूप म्हणून लावणार होतो रे," ते डोळे पुसत म्हणाले. "वाचवलंस. तू आजपासून हजेरीच्या वहीत सही करत जा."

त्यांचे उपकार मी अजून विसरलो नाही. त्या दिवशी आनंदात माझी पहिली सही एवढी लांबली, की शेजारच्याच्या रकान्यात जाऊन पोचली.