पुढची जागा

लेकीला बाळंतपणासाठी आणायला आम्ही घरची जुनी जीप घेऊन पूर्णेच्या स्टेशनावर गेलो. कोण कुठं बसणार, ते मी आधीच ठरवलं होतं. मागं बाजूला तोंड करून बसायचे दोन बाक. एकावर सामान, दुसऱ्यावर आम्ही. लेक मधे, दोन्हीकडून जाऊबाई आणि मी. पोटुशीला धक्का लागू नये म्हणून आमच्याकडे असंच दाबून बसवतात. ड्रायव्हरशेजारी थोरले दीर. ती जागा त्यांचीच.

लेक जीपमध्ये डोकावली आणि खालीच थांबली. पुण्यात ती ड्रायव्हर नसलेल्या गाड्यांच्या सीटा तपासायचं काम करते. त्यांत माणसं अशीच बाजूला तोंड करून, गप्पा मारत जाणार म्हणे.

"आई, असं बसल्यावर गाडी धडकली की माणूस कुशीवर कलंडतं. मान सावरायला काही नसतं, पट्टा असला तरी गळ्यावर चढतो. आम्ही पुतळे बसवून, गाडी धडकवून हेच बघतो. इथं तर पट्टाच नाही, आणि तू मला मधे घालायलीस. मागच्या बाजूला जी बसेल ती अख्खी माझ्यावर येईल."

"मी काय इतकी जड हाय का गं?" जाऊबाई म्हणाल्या.

पट्टा फक्त पुढं होता. लग्न झाल्यापासून थोरल्या दिरांशी मी थेट बोलले नव्हते; निरोप जाऊबाईंकडून जायचा. मी पदर सावरला.

"भाऊजी, तुमी मागं बसा. पोरीला पुढं बसू द्या."

ते उतरले आणि जाऊबाईंना म्हणाले, "ऐकलं का? हिला बोलता येतंय!"

लेकीनं पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या वर घेतला. मी तो ओढून पाहिला.

बाजूला तोंड करून बसलं की रस्ता समोरून येत नाही. कापसाची रानं एका खांद्यापाशी उगवतात, दुसऱ्यापाशी विरून जातात. माझे डोळे जड होऊन मिटले. ड्रायव्हर नसलेली एक गाडी त्या पांढऱ्या रानातून आवाज न करता चालली होती. तिच्यात एक लेकरू आमच्यासारखंच बसलेलं, आणि कुणाचा तरी मऊ तळवा त्याची मान धरून होता.

कचकन ब्रेक लागला. रस्त्यात म्हशी. मी जाऊबाईंवर, जाऊबाई दिरांवर, आणि दीर पुढच्या पत्र्यावर. लेकीची मान जराशी हलली, इतकंच.

"पोरी, लागलं का गं?"

"न्हाई, मोठे बाबा. तुमाला?"

"मला ह्या दोघींनी चेपलं." त्यांनी खांदा चोळला. मग कधी नव्हे ते माझ्याकडं बघून म्हणाले, "बाळ होईस्तोवर पुढची जागा हिची. दवाखान्यातबी हिला तसंच न्या."