रिकाम्या हाताचा सण

तेल्हाऱ्याच्या बाजूच्या एका गावात केशवराव योहान इंगळे यांची पिठाची गिरणी. गावात ख्रिस्ती घरं मोजकी, कायमचे पाळक ठेवणं मंडळीला परवडत नव्हतं. अकोल्याहून पाळकसाहेब महिन्यातून एकदा बसनं यायचे, प्रभुभोजन देऊन परतायचे. बाकीचे रविवार केशवरावांचे. गिरणी बंद करायची, भुवयांवरचं पीठ झटकायचं, धुतलेला सदरा घालून देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासना चालवायला उभं राहायचं. घरघरत्या चक्कीवरून गिऱ्हाइकांशी बोलून बोलून आवाज असा झाला होता, की देवळात माईकची गरजच नव्हती. माणूस सचोटीचा, अडीनडीला धावणारा. आपण सांगितलं की लोक ऐकतात, याची त्यांना पक्की खात्री होती. आणि लोक ऐकायचेही.

त्या खात्रीनंच घोटाळा केला.

या मंडळीत सुगीचा सण मोठा. ज्यानं जे पिकवलं त्यातलं थोडं घेऊन यायचं आणि देवळात प्रभुभोजनाच्या मेजासमोर मांडायचं. कोणाची ज्वारी, कोणाच्या तुरी, कोणाचं कापसाचं गाठोडं, एखाद्याची पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की बाहेर लिंबाखाली त्याच वस्तूंचा लिलाव. तिथं गावातले हिंदू, मुसलमान शेजारीही बोली लावतात, आणि एका पपईवरून दोन साडू असे इरेला पेटतात की पपईलाही लाज वाटावी. कोण काय घेऊन आलं, हे साऱ्या गावाला दिसतं. चांगल्या सालात तीच मजा असते.

पण दोन हजार पाच-सहाची ती सालं चांगली नव्हती. कपाशीवर लाल्या आला, पानं लाल होऊन झाड उभ्या उभ्या वाळलं. सोयाबीनच्या शेंगा भरल्याच नाहीत. त्यातल्याच एका साली सणाच्या आधीच्या रविवारी केशवरावांनी दरवर्षीचंच वाक्य दरवर्षीच्याच जोरात म्हटलं, की सणाले देवासमोर कोणी रिकाम्या हातानं येऊ नये.

सणाच्या दिवशी अर्धं देऊळ रिकामं.

केशवरावांना वाटलं, लोकांचा विश्वास ढिला झाला. पुढच्या रविवारी साऱ्यांना झाडायचं, असं त्यांनी मनात मांडलंही. लिलावाला आलेल्या गावातल्या फळवाल्या मुनव्वरभाईंपाशी तसं ते बोलले. मुनव्वरभाईंनी हातातली तुरीची पेंडी खाली ठेवली.

"केशवभाऊ, तुमीच तो बोले थे, खाली हात आना नई. मेरे दुकान तक आवाज आया. जिनके पास नई, वो नई आये. तुमारीच बात मानी बेचारों ने."

केशवराव त्या दिवशी लिलाव अर्ध्यावर सोडून घरी गेले.

न आलेल्यांत कौशल्या होती. नवरा अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीला गेलेला, वावराचं, शेतीचं सारं तिच्यावर. केशवरावांनी आपल्या बायकोच्या, पार्बताबाईंच्या हाती तिच्याकडं ज्वारी धाडली. निरोप असा, की ही घे, पुढच्या रविवारी तुझ्या नावानं मेजावर ठेव, कोणाला कळणार नाही. पार्बताबाई निघतानाच म्हणाल्या होत्या की हे काही बरोबर होऊन राहिलं नाही. पण केशवरावांनी ऐकलं नाही.

ज्वारी तशीच परत आली. कौशल्यानं निरोप दिला होता, की लोकाच्या दाण्यानं मी देवाले तोंड दाखवत नसते, अन् आता त्या देवळाची पायरीही चढत नाही.

केशवरावांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. कौशल्या गेली की तिच्यामागं आणखी चार घरं जाणार, हे त्यांना दिसत होतं. पण खरं सलत होतं ते वेगळंच. तिला दारातून बाहेर काढणारा आवाज त्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गिरणी बंद ठेवून तिच्या वावरात गेले. कौशल्या एकटीच कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटत होती. बांधावर पऱ्हाट्या मुळासकट उपटायचा दुसरा लोखंडी चिमटा पडला होता. केशवरावांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला, चिमटा उचलला आणि शेजारची ओळ धरली. तिनं पाहिलं आणि पुढची पऱ्हाटी धरली. चक्कीच्या खुर्चीवर बसून सुटलेलं पोट वाकताना आड येत होतं. पऱ्हाटीची मुळं काळ्या मातीत अशी रुतलेली, की झाडापेक्षा माणूसच उपटून यायचा. ऊन चढलं तेव्हा तळहाताला फोड आले होते आणि कौशल्या कितीतरी पुढं होती.

पाणी प्यायला थांबली तेव्हा तिनं तांब्या त्यांच्यापुढं केला. म्हणाली, "काहून आले जी? घरी ज्वारी धाडली, ते जमलं नाही म्हून आता अंग धाडलं काय?"

"माफी मागाले आलो, बाई. माहं चुकलं."

"बोलले देवळात अन् माफी मागता वावरात? इथं कोन आयकून रायलं? मी अन् हे पऱ्हाट्या."

केशवरावांनी पुन्हा चिमटा उचलला. उरलेली ओळ संपवून ते घरी आले. सांजेला बायकोला सारं सांगितलं. पार्बताबाईंनी हाताला हळद लावताना एवढंच म्हटलं, की बाई खरं बोलली.

रविवारी देऊळ पुन्हा अर्धंच भरलं होतं. केशवराव उठले, पण पुढच्या उंच ओट्यावर चढले नाहीत. खालीच, लोकांच्या बरोबरीनं उभे राहिले. दारात कौशल्या दिसली. चपला पायात, एक हात चौकटीवर. आत यायचं की परत फिरायचं, हे तिनं अजून ठरवलं नव्हतं.

"सणाच्या आधी मी इथंच बोललो, रिकाम्या हातानं येऊ नका," केशवराव म्हणाले. आवाज दारापर्यंत जावा एवढाच मोठा. "ते चुकलं माहं. ज्याचं पिकलं नाही त्याले मी घरी बसवलं, अन् वरून त्याच्याच विश्वासाले नावं ठेवाले निघालो. कौशल्याबाईच्या घरी मी गुपचूप ज्वारी धाडली, तोही माहा तोराच होता. हा सण आपण पुन्हा करू. पयला मी येतो. माह्या हातात काहीच नाही."

त्यांनी दोन्ही हात उघडे धरले आणि मेजासमोर जाऊन उभे राहिले. हळदीनं पिवळे झालेले फोड साऱ्यांना दिसले. मागं कोणीतरी खोकललं. मग एक म्हातारा उठून त्यांच्या शेजारी उभा राहिला, त्याचेही हात रिकामे. मग एक बाई. ज्यांनी सणाला पोती आणली होती, तेही उठले.

कौशल्यानं चपला काढल्या. आत आली, बायकांच्या रांगेतल्या एकीला सरक म्हणाली आणि बसली. प्रार्थना झाल्यावर बाहेर एकमेकांना सलाम घालताना तिनं केशवरावांना थांबवलं.

"अर्धं वावर बाकी हाय जी अजून."

"उद्या येतो," केशवराव म्हणाले.

सोमवारी त्यांच्यामागून मंडळीतले आणखी सातआठ जण वावरात उतरले. कोणी बोलावलं नव्हतं. दुपारी कौशल्यानं बांधावर बसून साऱ्यांना भाकर आणि मिरचीचा ठेचा वाढला, आणि केशवरावांना म्हणाली, तुमच्या ओळीत चार पऱ्हाट्या तशाच राहिल्या.