सहाव्या पिंपाला सांगायचं राहिलं

बोटीच्या धक्क्यावरून वर येणारी वाट जिथे डोंगराकडे पहिलं वळण घेते, तिथे तेर्का नेनीची, म्हणजे तेर्का मावशीची, खाणावळ आहे. आठ टेबलं, लाल चौकड्यांचे टेबलक्लॉथ, आणि दाराशी एक फळा. फळ्यावरचं जेवण रोज बदलायचं. सोमवारी पाप्रिका घातलेला माशांचा लाल रस्सा, मंगळवारी पनीर आणि आंबट साय घातलेल्या शेवया, गुरुवारी कोबीच्या पानात गुंडाळलेलं मटण. बरोबर हवी तर तळघरातल्या पिंपातली वाइन, सोडा घालून किंवा तशीच. तळ्याकाठच्या या बादाचोन गावात पर्यटक येतात ते उन्हाळ्यात आणि किनाऱ्यावरच्या झगमगाटात जेवतात. तेर्का नेनीकडे येतात ते शाळेतले मास्तर, द्राक्षमळ्यातले मजूर, पोस्टमन आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं.

जेवण बदलायचं, पण शेगडीजवळच्या कोपऱ्यातलं टेबल बदलायचं नाही. बारा वाजता चर्चची घंटा झाली की तेर्का नेनी तिथे एक ताट मांडायची, ग्लासात थोडी वाइन ओतायची आणि मग हातातल्या फडक्यानं खुर्ची पुसायची. खुर्ची रोज ओली असायची.

"तळं जवळ आहे," ती म्हणायची. "धुकं आत येतं."

बाकीच्या खुर्च्या कोरड्या असायच्या. त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही.

तेर्का एकोणीस वर्षांची असताना तळ्यापलीकडच्या फोन्योदहून बोटीनं इथे लग्न होऊन आली. सासूनं तिला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे पाप्रिका आचेवर घालायची नाही, भांडं खाली उतरवून मग घालायची, नाहीतर कडू होते. दुसरी तळघराची. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून नऊ पायऱ्या उतरल्या की डोंगरात कोरलेलं तळघर लागतं. तिथे सहा पिंपं ओळीनं आहेत, सहावं अगदी आत, खडकाला टेकून. द्राक्षांचा रस आंबत असतो तेव्हा पिंपांतून जड वारा निघतो आणि जमिनीवर साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, पण त्यात माणूस गुदमरतो. म्हणून खाली जाताना मेणबत्ती न्यायची, तीही गुडघ्याजवळ धरून.

"ज्योत वाकली की वळायचं," सासू म्हणाली होती. "का वाकली ते बघत उभी राहायचं नाही."

तेर्कानं पन्नास वर्षांत मेणबत्तीशिवाय त्या पायऱ्यांवर पाऊल ठेवलं नाही. हसरी बाई होती. गिऱ्हाइकांना टोमणे मारायची, ताट रिकामं झालं की न विचारता वाढायची, नको म्हणणाऱ्याला "बायकोनं सांगितलंय का उपाशी राहायला?" म्हणायची. तिचा नवरा देझो मात्र मोजकं बोलणारा. रोज दुपारी त्याच कोपऱ्यात बसून पहिला चमचा तोंडात घालायचा आणि म्हणायचा, "मीठ कमी आहे." चाळीस वर्षं मीठ कमी होतं.

सात वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात एका सकाळी देझो जाळं काढायला होडी घेऊन गेला. धुकं इतकं दाट होतं, की धक्क्यावर उभ्या असलेल्या तेर्काला वल्ह्यांचा आवाज ऐकू येत राहिला, होडी दिसली नाही. दुपारी ती होडी काठच्या लव्हाळ्यात सापडली. आत त्याची टोपी होती, आणि थर्मासमधला चहा अजून गरम होता. देझो सापडला नाही. पाणबुडे आले, आठवडाभर शोधलं, गेले. एवढं उथळ तळं, ते कुणाला ठेवून घेत नाही, परत करतंच, असं गावातली माणसं म्हणत राहिली. हळूहळू म्हणायची थांबली.

या डोंगरावर एक रीत आहे. तळघराचा धनी गेला, की पुरण्याआधी घरातल्या कुणीतरी खाली जायचं, प्रत्येक पिंपावर तीनदा टकटक करायची आणि सांगायचं: तुझा धनी मेला, आता आमच्याकडे राहा. नाही सांगितलं तर वाइन धन्याच्या मागे जाते. तेर्काचा सासरा गेला तेव्हा देझोनंच हे केलं होतं, आणि वर येऊन कितीतरी वेळ हात धूत राहिला होता.

देझोच्या वेळी, दहाव्या दिवशी, आल्बिन आला. आल्बिन पिंपं बनवणारा, देझोचा लहानपणापासूनचा मित्र. टोपी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"तेर्का, खाली सांगितलंस का?"

"काय सांगायचं?"

"अगं, म्हणजे..."

"कोण मेलंय, आल्बिन? मला दाखव. मग सांगते."

आल्बिननं टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेला.

वाइनचा व्हिनेगर होईल म्हणून सगळे वाट बघत होते. झाला नाही. पाच पिंपं नेहमीसारखी रिकामी झाली, पुढच्या हंगामात पुन्हा भरली. सहावं मात्र देझोनं त्याच शेवटच्या शरदात स्वतःच्या हातानं भरलेलं होतं. त्या पिंपाच्या तोंडावर बसवलेल्या काचेच्या वाकड्या नळीच्या वळशातून हवा सुटायची, बुड्... बुड्... वाइन नवी असताना सगळ्याच पिंपांतून येतो तसा तो आवाज. नाताळपर्यंत तो थांबायला हवा. तो थांबला नाही. सात वर्षं थांबला नाही.

तेर्का रोज त्या पिंपात काचेची लांब नळी घालून कोपऱ्यातल्या ग्लासापुरती वाइन काढायची. गढूळ, गोड, जिभेला चुरचुरणारी, काल दाबलेल्या द्राक्षांसारखी. रोज काढूनही आतली पातळी उतरायची नाही. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माणसं येऊन पिंप उघडतील आणि तिला काहीतरी कबूल करायला लावतील, ही तिला भीती होती. आणि तिला तो आवाज हवा होता. दुपारची झोप घेताना तो जमिनीखालून यायचा, घरात कुणीतरी झोपलेलं असावं तसा.

दोन वर्षांपूर्वी तिची मुलगी एम्योके नवऱ्याला सोडून ग्योरहून परत आली. चाळिशीतली, कामाला वाघ, बापासारखी मोजकं बोलणारी. तिनं फळा रंगवला, नवी शेगडी आणली आणि तळघरात विजेचा दिवा लावला.

"आता मेणबत्ती नको, आई. बटण दाब."

"बटणाला काय कळतंय?"

"आणि मेणबत्तीला कळतं?"

"हो," तेर्का म्हणाली.

पण का, ते तिनं सांगितलं नाही. एरवी सहाव्या पिंपाशी वाकणारी ज्योत या वर्षी अलीकडेच वाकत होती. उन्हाळ्यात ती पाचव्याशी वाकली. ऑक्टोबरात तिसऱ्याशी. नव्या वाइनचे दिवस आहेत, सगळ्याच पिंपांत रस आंबतोय, असं तेर्कानं स्वतःला समजावलं. पुढे बाकीची पिंपं शांत झाली तरी ज्योत तिसऱ्याशीच वाकत राहिली, आणि तिथून सहाव्यापर्यंत तेर्का श्वास रोखून जायची. तेव्हा तेर्का म्हणाली, तळघरात फक्त मी जाणार.

नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाला, नवी वाइन चाखतात आणि हंस खातात. त्या दिवशी आठही टेबलं भरली. बाहेर धुकं असं उतरलेलं, की भर बारा वाजता आत दिवे लावावे लागले आणि खिडकीतून तळं सोडा, रस्त्यापलीकडचं अक्रोडाचं झाडही दिसेना.

"हात चुंबतो, तेर्का नेनी!" पोस्टमन इकडच्या रीतीनं दारातूनच नमस्कार ठोकत ओरडला. "हंसाची तंगडी माझी. गेल्या वर्षी मास्तरांनी ढापली."

"गेल्या वर्षी तू माझी पत्रं दोन दिवस उशिरा आणलीस. तुला मान मिळेल. चोखत बस."

"मान तर मान. पण वाइन दे."

"छातीचं हाड बघितलंस का, तेर्का?" आल्बिन शेगडीजवळ उभा राहून म्हणाला. हंसाच्या हाडावरून हिवाळा सांगायचं काम दरवर्षी त्याचं.

"बघते. पांढरं असलं तर बर्फ, काळं असलं तर चिखल. दरवर्षी तू दोन्ही सांगतोस."

"म्हणून तर कधी चुकत नाही."

माणसं हसली. तेर्काचे दोन्ही हात कोपरापर्यंत हंसाच्या चरबीनं माखलेले होते. कोपऱ्यातलं ताट मांडून झालं होतं, खुर्ची पुसून झाली होती. आज फडकं पिळावं लागलं होतं. ग्लास भरायला खाली जायचं तेवढं राहिलं होतं. ती सुरीनं सांधा शोधत असताना मागे खिळ्यावरून तळघराची किल्ली निघाल्याचा आवाज झाला. पण पोस्टमन तेव्हा काहीतरी विनोद सांगत होता आणि तिनं मान वळवली नाही.

एक तंगडी कापून झाली. दुसरी झाली. ताटं गेली.

"वाइन आली नाही अजून," मास्तर म्हणाले. "एम्योके द्राक्षं लावायला गेली वाटतं."

तेर्काचा हात थांबला. खिळा रिकामा होता. मागचं दार अर्धं उघडं होतं. आणि तेव्हा तिला जाणवलं, की जमिनीखालचा तो आवाज आता थांबून थांबून येत नाहीये. तो सलग येत होता, भांड्यात पाणी खदखदावं तसा.

तिनं चरबीच्या हातांनीच मेणबत्ती पेटवली.

"आल्बिन, दारात उभा राहा. खाली येऊ नकोस."

"काय झालं?"

"येऊ नकोस म्हणते ना!"

तळघरात विजेचा दिवा छान, पिवळा, स्थिर जळत होता. तेर्का मेणबत्ती गुडघ्याशी धरून उतरू लागली. तिसऱ्या पायरीवर ज्योत आखडली. चौथ्यावर निळी होऊन आडवी झाली. पाचव्यावर विझली. दिवा तसाच जळत होता, आणि त्या उजेडात अगदी आत, सहाव्या पिंपाला पाठ टेकून एम्योके जमिनीवर बसलेली होती. वाइनसाठी नेलेला तिचा जग तिसऱ्या पिंपाशी सरळ उभा होता. म्हणजे पडून घरंगळत ती आत गेली नव्हती. चालत गेली होती. तिचे डोळे अर्धवट मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

तेर्का दोन पायऱ्या मागे चढली, छातीत मावेल तेवढा श्वास भरून घेतला, तोंड मिटलं आणि खाली गेली.

पहिलं, दुसरं, तिसरं पिंप. जमीन ओली होती. चौथं, पाचवं. जवळ गेल्यावर तिला मुलीचं पुटपुटणं ऐकू आलं.

"...बाबा म्हणतात बस. मीठ कमी आहे म्हणतात..."

तेर्कानं तिच्या काखेत हात घालून ओढलं. एम्योके हलली नाही. तिचा उजवा हात वर होता, पिंपाच्या लोखंडी कड्यात अडकवलेला, बोटं पांढरी पडलेली. तेर्कानं एक बोट सोडवलं, दुसरं सोडवलं. तिसरं सोडवेपर्यंत पहिलं पुन्हा घट्ट झालं होतं. पिंपातून खदखद येत होती, आणि मुलीचं कड्याला टेकलेलं मनगट थरथरत होतं, कुणीतरी पलीकडून श्वास घेतल्यासारखं. एम्योकेची बाही खांद्यापर्यंत ओली होती. तळ्याचा वास येत होता, लव्हाळ्याचा आणि चिखलाचा.

छातीत आता टोचायला लागलं होतं. कानांत घंटा वाजत होती. एकच श्वास होता तिच्याकडे. तो धरून ठेवला तर ती एकटी पायऱ्यांपर्यंत पोचू शकत होती. बोलायला वापरला तर दुसरा घेता येणार नव्हता.

तेर्कानं मूठ वळली आणि पिंपाच्या लाकडावर मारली. एकदा. दुसऱ्यांदा हात वर गेला आणि तसाच राहिला. होडीची वल्ही तिला ऐकू येत होती, धुक्यात, लांब जाणारी. ती सात वर्षं त्यांच्या मागे कान लावून बसली होती. दोनदा. तीनदा.

"तुझा धनी मेला," ती म्हणाली. "देझो मेला. आता आमच्याकडे राहा."

श्वास संपला.

खदखद थांबली. काचेच्या वळशात एक बुडबुडा अडकला होता, तो फुटला आणि दुसरा आला नाही. एम्योकेची बोटं एकदम सैल पडली. तेर्कानं मुलीला ओढलं, गुडघ्यावर आली, उठली, पुन्हा ओढलं. तिसऱ्या पिंपाशी तिला दिसेनासं झालं. पण तेवढ्यात आल्बिन तोंडावर ओला टॉवेल बांधून पायऱ्या उतरला होता. सांगितलेलं त्यानं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

एम्योके अंगणात, धुक्यात, उलटी करून शुद्धीवर आली. रुग्णवाहिका आली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन मिनिटं असती तर काही खरं नव्हतं. खाली काय झालं ते तिला आठवत नव्हतं. तिसऱ्या पिंपाशी वाकले एवढंच, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दारं उघडी टाकून तळघरात वारा भरल्यावर आल्बिन मेणबत्ती घेऊन खाली गेला. ज्योत सरळ उभी राहिली, सहाव्याशीसुद्धा. त्यानं सवयीनं बोटाच्या पेरानं पिंपावर टिचकी मारली. आवाज पोकळ आला. तोंड उघडून त्यानं आत उजेड धरला.

वर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा होता.

"तेर्का, यात वाइन कधी होती?"

"काल होती."

"फळ्यांमध्ये भेगा पडल्यात, बोट जाईल एवढ्या. सहा-सात वर्षं यात थेंब नसणार. मी पिंपं बनवतो, मला कळतं."

तेर्का कणीक मळत होती. मळून झाल्यावर हात धुतले. बराच वेळ धुतले.

बारा वाजता घंटा झाली. तिनं सवयीनं फडकं उचललं आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली. खुर्चीवर हात ठेवला. पुन्हा ठेवला, उलटा, सुलटा. बाहेर अजून धुकं होतं, खिडकीच्या काचा पाणावलेल्या होत्या.

खुर्ची कोरडी होती.

ती थोडा वेळ फडकं हातात धरून उभी राहिली. मग ते खांद्यावर टाकलं.

"आल्बिन," ती म्हणाली, "उभा काय राहिलास? इथे बस. रस्सा गार होतोय."

आल्बिननं टोपी काढली, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला आणि पहिला चमचा तोंडात घातला. तेर्का त्याच्याकडे बघत होती.

"कसा झालाय?"

आल्बिननं चमचा खाली ठेवला. नजर ताटातच ठेवून म्हणाला, "बरोबर झालाय, तेर्का. मीठ बरोबर आहे."

तिनं मान हलवली आणि तोंड शेगडीकडे वळवलं.