जिनाच्या छपरावरचा माणूस

फाल्गुन लागला की ती घटना आठवते. तेव्हा मी शहाद्याकडे फौजदार होतो. चळवळीचे दिवस होते. छपरांवर झेंडे लागू नयेत म्हणून वरून हुकूम आला: इमारतींच्या छपरांवर जाण्याचे मार्ग बंद करावेत. हुकूम लिहिणाऱ्या साहेबाने खानदेश पाहिला नसावा. इथे घरांच्या मातीच्या धाब्यांवर मिरच्या वाळतात, माणसे झोपतात, शेजारणी भांडतात. मार्ग बंद करायचा तर निम्मे गाव अटकेत घ्यावे लागले असते.

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या मालकाने मात्र हुकूम मनावर घेतला. त्याने छपराच्या लोखंडी शिडीचा खालचा भागच कापून टाकला. मला म्हणाला, "साहेब, आते चिमनी बी चढाव नही!"

"आणि आग विझवायची पाण्याची पिंपं कुठे आहेत?"

"छपरावर," तो म्हणाला.

आठवडाभरात आमचा खबऱ्या, नाक्यावरचा पानवाला, बातमी घेऊन आला. रोज दिवस मावळताना जिनाच्या छपरावर एक माणूस उत्तरेकडे तोंड करून उभा असतो. खूण करत असावा. त्याच संध्याकाळी हवालदाराने त्याला पकडले. रचलेल्या कापसाच्या गाठींवर बांबू टेकवून तो चढला होता.

सातपुड्यातला हंगामी मजूर होता. ठाण्यात खाटेवर बसायला सांगितले, तर जमिनीवर बसला. भाकरी दिली, ती बाजूला सारली. 'वर कशाला चढलास?' याला उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही तेच.

हवालदार खुशीत होता. "साहेब, हाऊ पक्का चळवळवाला शे. भाकर खाई नही ऱ्हायना, खाटवर बी बसी नही ऱ्हायना."

कोठडीत उपोषण म्हणजे जिल्ह्याला तार, आणि त्याची रवानगी धुळ्याच्या तुरुंगात. होळी चार दिवसांवर होती.

"पाणी पितो का?" मी विचारले.

"आपला लोटा नही लेत. हिरीवर नेलं तं सोताना हाते वढी पेस."

म्हणजे अडचण भुकेची नव्हती, दुसऱ्याच्या हाताची होती. मी पीठ, तवा आणि सरपण मागवले. त्याने अंगणात स्वतः तीन भाकऱ्या थापल्या आणि मिठाबरोबर खाल्ल्या. हवालदाराचा चेहरा उतरला. त्याची बढती त्या तव्यावर करपली.

पोट भरल्यावर माणूस मोडक्या अहिराणीत बोलू लागला. डोंगरातल्या काठी गावच्या होळीत नाचायचा त्याने नवस धरला होता. तोवर खाट वर्ज्य, दुसऱ्याच्या हातचे वर्ज्य. जिनाचा हंगाम लांबला आणि मालक सोडेना.

"मग छपरावर काय होतं?"

"डोंगर देखाले चढस."

"बस्स?"

"खालथून दिखत नही ना, साहेब."

हवालदार हसला. मी त्या दोघांना घेऊन जिनावर गेलो, शिडी जोडून घेतली आणि वर चढलो. पिंपे कोरडी होती. गाठींच्या आणि भिंतींच्या वर उत्तरेला निळसर सातपुडा आडवा पसरला होता. त्याने बोट दाखवले. "तेन्हा मांगे काठी." हवालदार हसायचा थांबला.

मी पंचनाम्यात लिहिले, 'आक्षेपार्ह काही आढळले नाही.' मालकाला समज दिली: शिडी राहील, तिला कठडा लागेल, खाली कुलपाचे दार बसेल, आणि किल्ली जिनातल्या पहारेकऱ्याकडे असेल. बंद वाट म्हणजे सुरक्षित वाट, हा समज मी तेव्हाच सोडला. या मजुराला आता कामावर अडवायचे नाही, हेही सांगितले. तो तिथूनच उत्तरेला चालू लागला. निघताना त्याने हात जोडले नाहीत; पायांना घाई होती. होळीला पोहोचला की नाही, ते कळले नाही. पुढच्या हंगामात तो आला नाही.

पुढे बदली होईपर्यंत मी त्या छपराची पाहणी बरीच केली. दप्तरी कारण पिंपांचे होते.

आता पुण्यात मुलाकडे राहतो. गच्चीला कुलूप आहे, किल्ली घरमालकाकडे. फाल्गुनात एखाद्या संध्याकाळी मागायला जातो. तो विचारतो, "वर काय काम आहे, रावसाहेब?"

वरून पर्वती दिसते, सातपुडा दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. मी म्हणतो, "काही नाही, सहज." तो माणूस अटकेत असूनही खरे बोलला होता. मला घरमालकासमोर तेवढे जमत नाही.