घाटियाचा आवाज

ढुंढिराजपंत पुराणिक काशीच्या दुर्गाघाटाच्या पायरीवर उभे राहून नुसते 'हर हर गंगे' म्हणाले, तरी पलीकडच्या काठावरची म्हैस मान वर करून बघते, असं घाटावरची मंडळी सांगत. म्हशीचं सोडा, माणसं मात्र नक्की बघत. पंतांचे वडील ब्रह्माघाटाजवळ रोज दुपारी पुराण सांगायचे. तो आवाज पंतांनी वारशानं घेतला आणि नेऊन ठेवला कुठे, तर गोदौलियापलीकडच्या एका पत्र्याच्या सिनेमाघरात!

तेव्हा सिनेमे मुके होते. पडद्यावर माणसं ओठ हलवायची आणि मधेच अक्षरांची पाटी यायची. निम्म्या लोकांना वाचता येत नसे, आणि ज्यांना येई त्यांचं वाचून होईपर्यंत पाटी निघून जाई. म्हणून पंत पडद्याच्या डाव्या अंगाला तिपाईवर उभे राहत आणि पाट्या मोठ्यानं वाचत. आधी हिंदीत, आणि सज्जात चिकाच्या पडद्याआड आपल्या मराठी बायका आल्या असतील तर पाठोपाठ मराठीत. नुसतं वाचत थोडेच! राजाला छातीतला आवाज, कपटी दिवाणाला नाकातला, आणि नायिकेला असा, की पुढच्या रांगेतले पैलवान गमछ्यानं डोळे टिपत. ते पेटीवाल्याला डोळ्यानं खूण करायचे, तो सूर धरायचा, आणि पंत अर्धा श्वास थांबायचे. त्या अर्ध्या श्वासात सबंध थेटर त्यांच्या मुठीत असे. तोंडाला रंग लावून उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, त्या अर्ध्या श्वासासाठी माणूस काय काय सोडून देतो ते.

त्या वर्षी पंतांची लेक बकुळ हिचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा विष्णू, पंचगंगा घाटावरच्या नीलकंठशास्त्र्यांचा धाकटा. दोन्हीकडून पसंती होती, पत्रिका जुळल्या होत्या, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. शास्त्री म्हणजे घाटावर छत्रीखाली बसून यात्रेकरूंना संकल्प सांगणाऱ्या घाटियांचे पुढारी. माणूस तापट, पण मिठाईपुढे विरघळणारा.

आणि नेमका तेव्हाच 'घाट का ठग' आला.

सिनेमातला ठग होता एक घाटिया. पुण्य मिळेल असं गाजर दाखवून तो परगावच्या एका विधवेचं सोनं काढून घेतो, आणि त्याचा जोडीदार, एक मल्लाह म्हणजे नावाडी, यात्रेकरूंना भर गंगेत नेऊन नाव थांबवतो आणि दुप्पट भाडं मागतो. जाहिरातीवर घाटियाचं पोट एवढं रंगवलं होतं, की बाकी कुणाला जागाच उरली नव्हती. काशीत एकच कल्ला झाला. संध्याकाळी शास्त्री पंतांच्या दारात उभे राहिले.

"ढुंढिराजपंत, त्या पोटाला आवाज तुम्हीच देणार काय?"

"पाटीवर असेल ते वाचतो, शास्त्रीबुवा. पोट माझं नाही."

"विनोद पुरे! सगळ्या हिंदुस्थानात हे दाखवणार, आणि लोक म्हणणार, काशीचे घाटिये चोर! हा खेळ बंद पाडायला कलेक्टरकडे अर्ज लिहून तयार आहे. उद्या आम्ही सगळे खेळाला येतोय. नाव चालवणारा शिवरामही त्याची माणसं घेऊन येणार. आणि एक ऐका. आमची बदनामी तुमच्या तोंडून कानावर आली, तर सुपारी फोडायला दुसरं घर बघा."

आतून शरदिनीबाई चहा घेऊन आल्या होत्या. शास्त्र्यांनी चहा घेतला नाही. लाडूही घेतला नाही, तेव्हा मात्र शरदिनीबाईंना प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

"अहो, उद्या घसा बसलाय म्हणा," त्या म्हणाल्या.

"माझा घसा? कोण विश्वास ठेवील?"

बकुळ दाराआड उभी होती. तिला विष्णू आवडला होता, हे घरात कुणी तिला विचारलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही फिकीर करू नका. जसं जमेल तसं करा." त्या 'जसं जमेल तसं'नं पंतांची झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी तीनच्या खेळाला थेटर फुटायला आलं होतं. बाकांवर कोण कोण बसून जातं, म्हणून शास्त्रीमंडळींनी घरून कांबळी आणली होती आणि ती बाकांवर पसरून ती सगळी ताठ बसली होती. खाली सतरंजीवर शिवराम आणि त्याचे तीस मल्लाह. वर चिकाआड शरदिनीबाई, बकुळ, आणि त्यांनी सोबत आणलेल्या दुर्गाघाटावरच्या चार विधवा. त्यांत अन्नपूर्णाकाकू होत्या. काकू देवळांसाठी वाती वळायच्या आणि बोलायच्या इतकं कमी, की बरेच जण त्यांना मुक्याच समजत.

पहिलं रीळ विधवेच्या गावातलं, ते निमूट पार पडलं. गर्दी बघून यंत्रावरचा विश्वेश्वर मात्र गडबडला. त्यानं दुसरं रीळ चढवलं ते उलट्या बाजूनं. डावं ते उजवं झालं. पडद्यावर छत्रीखाली घाटिया प्रकटला, आणि पहिल्या बाकावरून आरोळी आली:

"अपसव्य! अरे, याचं जानवं उजव्या खांद्यावर!"

उजव्या खांद्यावर जानवं घ्यायचं ते पितरांना पाणी देताना. हा गृहस्थ तर तसाच बसून, डाव्या हातानं एका नवरदेवाला गंध लावत होता. पोट, चोरी, बदनामी सगळं विसरून शास्त्रीमंडळी उभी राहिली. एक म्हणे, श्राद्ध चाललंय. दुसरा म्हणे, मग नवरदेव कशाला? तिसऱ्यानं प्रायश्चित्तही सांगून टाकलं.

इतक्यात पाटी आली. तीही उलटी. आरशातल्यासारखी अक्षरं, कुणाला ओ की ठो कळेना. पण पंतांना सगळ्या पाट्या पाठ होत्या. त्यांच्या ध्यानात आलं, की या क्षणी या सिनेमात काय लिहिलंय ते सगळ्या थेटरात फक्त आपल्यालाच ठाऊक आहे.

त्यांनी पेटीवाल्याला खूण केली. अर्धा श्वास थांबले. आणि गरजले:

"सज्जनहो, नीट बघा! हा घाटिया नव्हेच! काशीचा घाटिया असं जानवं घालील? हा कुणी परगावचा तोतया आहे!"

वा! काय टाळ्या पडल्या! शास्त्र्यांनी मांडी ठोकली. "मी म्हणालोच होतो!" असं ते म्हणाले, जे ते कधीच म्हणाले नव्हते.

खालून शिवराम ओरडला, "और मल्लाह, गुरू?"

"तोही तोतया!"

"तभी!" शिवराम आपल्या माणसांकडे वळला. "तभी ससुरा डांड उलटा पकड़े है!" पडद्यावरच्या मल्लाहचं वल्हं खरंच भलत्याच हातात होतं.

थेटर हसून हसून लोळलं. पंतांनी वर सज्जाकडे नजर टाकली. चिकामागे बकुळ हसत असणार, असं त्यांना वाटलं. सुपारी फुटली, असंही वाटलं. पुढं पडद्यावर ती विधवा आली. घाटियानं हात पुढे केला, आणि तिनं मनगटातल्या पाटल्या एकेक करून उतरवल्या. पाटी उमटली. पंत तोंड उघडणार, तोच वरून एक बारीक आवाज आला.

"ढुंढिराज, तो तोतया, तर मग माझ्या पाटल्या कुणी नेल्या रे?"

अन्नपूर्णाकाकू! पेटी थांबली. यंत्राची घरघर तेवढी चालू राहिली.

पंत तिपाईवर उभे होते. एका बाजूला शास्त्र्यांचं हसरं तोंड, दुसऱ्या बाजूला चिक. वडील पुराण सांगायचे, तेव्हा यजमान कितीही बडा असला तरी त्याच्यासाठी पोथीतला शब्द बदलायचे नाहीत. एकदा त्यापायी दक्षिणेची शालही गेली होती. पंतांना ती शाल आठवली, लेकीचं लग्नही आठवलं. घसा बसलाय म्हणणं अजूनही सोपं होतं. मग त्यांनी उपरणं सावरलं.

"मंडळी, मी खोटं बोललो. रीळ उलटं लागलंय. याचं जानवं डाव्याच खांद्यावर आहे. हा घाटियाच आहे, आपल्यातलाच. आणि पाटीवर ती बाई म्हणतेय..." त्यांनी आवाज बदलला नाही, नायिकेचा लावला नाही, साधाच ठेवला. "'महाराज, हे सोनं देव मागतो, की तुम्ही?'"

मग नीलकंठशास्त्री उभे राहिले. कांबळं खाली घसरलं, त्यांचं लक्ष नव्हतं. सज्जाकडे मान वर करून त्यांनी विचारलं, "काकू, कोण होता तो?"

"आता कशाला? गेला बिचारा."

"सांगा हो."

"तुझा वेणीमाधवकाका. गोड बोलायचा हो मेला, फार गोड. पाटल्या गेल्या त्याचं दुःख नाही, पण 'माई, माई' म्हणत नेल्या."

आधी शिवरामला हसू फुटलं, मग एका शास्त्र्याला, मग स्वतः काकूंना. नीलकंठशास्त्री तेवढे हसले नाहीत. ते वर यंत्राकडे वळून म्हणाले, "विश्वेश्वर, रीळ सरळ लाव. पहिल्यापासून बघायचंय." आणि बसले.

रात्री पंतांच्या घरी कुणाला जेवण गेलं नाही. बकुळ म्हणाली, "बाबा, बरं केलंत," आणि पाणी आणायला म्हणून जी उठली ती बराच वेळ आलीच नाही.

सकाळी सातला कडी वाजली. नीलकंठशास्त्री! मागं विष्णू, खाली मान घालून. शास्त्री जोत्यावर बसले. आल्या आल्या त्यांनी लाडू मागितला, तेव्हा शरदिनीबाईंच्या जिवात जीव आला.

"काकूंकडून येतोय," ते म्हणाले. "वेणीमाधवकाकाच्या पेटीत पाटल्यांची जोडी होती, ती पुढं ठेवली. तर काकू म्हणतात, 'या माझ्या नव्हेत, माझ्या जड होत्या.' म्हणजे आणखी कुणाच्या तरी आहेत! आता काशीभर विचारत हिंडतो."

"आणि अर्ज?" पंतांनी भीत भीत विचारलं.

"शिवरामनं नेला. म्हणतो, सरळ रिळातही त्या मल्लाहला वल्हं धरता येत नव्हतं; मागच्या कोऱ्या बाजूवर ते कसं धरायचं ते कंपनीला लिहून पाठवतो." शास्त्र्यांनी लाडू संपवला, हात झटकले आणि बंडीच्या खिशातून सुपारी काढली. पण फोडेनात. नुसती हातात फिरवत राहिले.

"पंत, त्या ठगाला तुम्ही चारचौघांत 'आपल्यातलाच' म्हणालात, याचा राग आहे. तो जाईल, वेळ लागेल. पण कालपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दुसऱ्यांदा रीळ सरळ लागलं, तेव्हा त्या घाटियाचा आवाज तुम्ही काढलात ना, 'माई, माई'... अगदी काका! काका जाऊन अकरा वर्षं झाली हो. तेवढं एकदा म्हणून दाखवा. मग फोडतो."

पंतांनी शरदिनीबाईंकडे पाहिलं. मग उभे राहिले, पोट पुढे काढलं, अर्धा श्वास थांबले.

"माई, ओ माई..."

शास्त्री डोळे पुसत हसले, हसत डोळे पुसले, आणि अडकित्ता मागितला.