कानसेन आणि कुटीतली शिट्टी

‘ट्यूबलाइटचा चोक बिघडलाय. शिट्टी वाजवतोय. बदलावा.’

एकांतवासाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कानसेननं ही चिठ्ठी कुटीच्या दाराबाहेरच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. दहा दिवस एकट्यानं राहायचं, श्वासावर ध्यान करायचं, बोलायचं नाही, वाचायचं नाही, दुपारी बारानंतर जेवायचं नाही आणि फोन कचेरीत जमा, असे त्या ध्यानकेंद्राचे नियम. अगदीच गरज पडली तर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर एखादी ओळ लिहायची मुभा होती. आता गरज कशाला म्हणायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. कानसेनच्या लेखी चोक ही गरज होती.

चिठ्ठ्या वाचायला एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. कुटीकुटीत जेवणाचे डबे पोचवायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. अकराच्या डब्याखाली उत्तर आलं, लाल पेन्सिलीनं: ‘दिवसा उजेड असतो. ट्यूब लावू नये.’

कानसेननं त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘ट्यूब बंदच आहे. तरी वाजतो. वायरिंग उलटं केलंय कुणीतरी.’

ट्यूब बंद असताना चोक वाजत नाही हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण शिट्टी ऐकू येत होती. आणि जे त्याला ऐकू येतं ते असतंच, यावर सत्तावीस वर्षं त्याचं पोट चाललं होतं.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा. गच्चीवरच्या मशिनच्या खोलीत शिरला की आधी सगळ्यांना गप्प करायचा. मग लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर काढायचा, टोक मोटरच्या अंगावर ठेवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. डॉक्टरनं छाती तपासावी तसा. मिनिटभरानं निकाल लागायचा: “मागच्या बाजूचं बेअरिंग. दिवाळं वाजायला तीन महिने आहेत.” आणि खरोखरच तीन महिन्यांनी ते वाजायचं. कंपनीत त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. कानसेन. घरी बायको म्हणायची, “मोटरच्या पोटातलं ऐकू येतं यांना. मी समोर उभी राहून दळण आणायला सांगितलं तर नाही येत.”

हे चेष्टेतलं झालं. गेलं वर्षभर मात्र ती चेष्टेत नसायची. “अहो, टीव्ही किती मोठा करता! शेजारचे भिंत वाजवतायत. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या एकदा.”

“माझ्या कानाला डॉक्टर? उद्या सुताराला रंधा धरायला शिकवशील.”

हा कान घेऊन तो तीन महिन्यांपूर्वी एका चार मजली रुग्णालयाच्या गच्चीवर गेला होता. स्ट्रेचर नेणारी लिफ्ट होती. मोटरला स्क्रू ड्रायव्हर लावला, तर आत बारीक, सुईसारखी शिट्टी. “बेअरिंग,” तो म्हणाला. लिफ्ट दोन दिवस बंद ठेवून बेअरिंग बदललं. शिट्टी तशीच. मग दुसऱ्या टोकाचं. पुन्हा दोन दिवस बंद.

त्याचा जोडीदार बरोबर होता. अठरा वर्षांची जोडी. हा ऐकणार आणि तो खोलणार. दुसऱ्या खेपेला जोडीदारानं स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, कानाला लावला आणि बराच वेळ ऐकलं. “मला नाही रे काही ऐकू येत,” तो म्हणाला.

“तुला कधी ऐकू आलं होतं?”

समोर रुग्णालयाचे दोन कर्मचारी उभे होते. त्यांच्यातला एक फिस्सकन हसला. जोडीदारानं कामाच्या कागदावर सही केली आणि पाना-पक्कड उचलली. ते चार दिवस रुग्णांना खुर्चीत बसवून जिन्यावरून उचलून न्यावं लागलं. एक म्हातारी तर दोन्ही हातांनी कठडा धरून बसली आणि सोडायलाच तयार होईना. तिची बोटं एकेक करून सोडवताना कानसेननं पाहिलं होतं.

साहेबांच्या टेबलावर दोन्ही जुनी बेअरिंगं आली. साहेबांनी एक बोटावर घेऊन फिरवलं. ते लोण्यातून फिरावं तसं, आवाज न करता फिरत राहिलं. “आता बोला,” साहेब म्हणाले. सही जोडीदाराची होती, म्हणून त्याला लिफ्टवरून काढून भांडाराच्या खिडकीवर नटबोल्ट द्यायला बसवलं. कानसेनला पंधरा दिवसांची सक्तीची रजा दिली आणि सांगितलं, “परत याल तेव्हा लेखी द्या. चूक बेअरिंगची, जोडीदाराच्या खोलण्याची, की तुमच्या कानाची. त्यावरून तुमच्या जोडीदाराचं काय करायचं ते ठरवू.”

म्हणून तो इथे आला होता. पूर्वी त्यानं तीन शिबिरं केली होती, चाळीस जणांच्या दालनात, खोकल्या-शिंकांच्या गजरात. तेव्हा बरं वाटलं होतं. आता एकट्यानं बसू, कान धुऊन लख्ख करू, आणि मग साहेबांना छातीठोक लिहून देऊ की मोटरमध्ये शिट्टी आहे म्हणजे आहे, असा त्याचा बेत होता. निघताना बायको म्हणाली, “आणि कान ठीक नसला तर?”

तो चपला घालत राहिला.

तर आता हा चोक! मनाला नाकाशी बसवावं तर ते उठून कानाशी जाऊन बसे. श्वास आत, शिट्टी. श्वास बाहेर, शिट्टी. तिसऱ्या दिवशी त्यानं स्टुलावर चढून ट्यूबच काढली आणि पलंगाखाली ठेवली. फरक पडला नाही. स्क्रू ड्रायव्हर घरी राहिला होता, म्हणून दात घासायचा ब्रश घेतला. ब्रशाचं टोक स्विचबोर्डावर, दुसरं कानामागे. शिट्टी. पाण्याच्या नळाला लावलं. शिट्टी. भिंतीला, खिडकीच्या गजाला, लोखंडी पलंगाला, शेवटी प्लास्टिकच्या बादलीला. सगळीकडे एकाच सुरात शिट्टी. एखाद्या नवशिक्याला इथेच शंका आली असती. कानसेनला आली नाही. त्यानं निदान केलं: मूळ लांब आहे, सगळ्या इमारतीत पसरतंय.

‘भोजनशाळेतला फ्रीज तपासावा.’

‘फ्रीज आपल्या कुटीपासून दोनशे बारा पावलांवर आहे. मी चालून पाहिलं.’

‘मग पाण्याचा पंप.’

‘पंप सकाळी अर्धा तास चालतो. आपण ध्यान किती वेळ करता?’

या शेवटच्या प्रश्नाची मिरची त्याला चांगलीच झोंबली. घरी बायको, कंपनीत साहेब, आणि इथे तोंडाला कुलूप लावून बसलो तरी लाल पेन्सिल आहेच!

चौथ्या दिवशी दुपारी ध्यान शिकवणारे भंते आले. ठेंगणे, सर्दीनं नाक लाल झालेले. दर तीन दिवसांनी दहा मिनिटं फक्त त्यांच्याशी बोलता यायचं. कानसेननं तीन दिवसांचं साचलेलं एका दमात ओतलं. “भंते, कुटीत शिट्टी आहे. ती थांबेपर्यंत ध्यान व्हायचं नाही.”

“ऐकू येते?”

“सतत!”

“मग मनात म्हणायचं, ऐकू येतंय. आणि परत श्वासाकडे.”

“पण ती कशाची आहे—”

“ते कुठे विचारलं मी?”

“भंते, आमच्या धंद्यात ‘नुसतं ऐकू येतंय’ असं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील.”

भंतेंनी नाक पुसलं. “इथे ती भीती नाही. आम्ही दहा दिवस सोडतच नाही कुणाला.”

कानसेन कुटीत परतला तो आणखीच धुमसत. त्याला उपदेश नको होता, फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं, हो हो, आम्हालाही ऐकू येते. एवढ्या मोठ्या आवारात एकालाही कान नसावा? पाचवा दिवस त्यानं घड्याळाकडे बघण्यात घालवला. मधूनच भांडाराच्या खिडकीत बसलेला जोडीदार डोळ्यांसमोर यायचा. मग तो घाईघाईनं शिट्टीकडे वळायचा. शिट्टीवर निदान चिडता तरी येत होतं.

सहाव्या दिवशी त्यानं हट्टानं लिहिलं, ‘सगळ्या आवाराचा मेन स्विच अर्धा तास बंद करावा. सिद्ध करून दाखवतो.’

उत्तर यायला दुसरा दिवस उजाडला. ‘आज भोजनानंतर साडेबारा ते एक मेन स्विच बंद राहील. भंतेंना विचारलं आहे. यापुढे विजेविषयी चिठ्ठी स्वीकारली जाणार नाही.’

साडेबाराला कानसेन कुटीच्या पायरीवर ताठ बसला. परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी हुशार मुलगा बसतो तसा. भोजनशाळेकडून खट्‌ असा आवाज आला. कुटीतला पंखा मंद झाला, दोन-तीन फेरे कुरकुरत फिरला आणि थांबला. फ्रीजची घरघर इतक्या लांबूनही त्याला जाणवायची, ती गेली. पलीकडच्या रस्त्यावरसुद्धा त्या घटकेला एक गाडी नव्हती. सत्तावीस वर्षांत इतकी शांतता त्यानं ऐकली नव्हती.

त्या शांततेच्या मधोमध शिट्टी चालू होती. जराही न हलता, आधीपेक्षा स्वच्छ.

तो उठला. अनवाणीच आवाराच्या टोकापर्यंत गेला, तारेच्या कुंपणापाशी. तिथे ना भिंत, ना नळ, ना वायर. समोर नुसतं गवत. शिट्टी बरोबर आली. त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली. जगातली कुठलीही मोटर त्यानं गप्प झाली असती. शिट्टी मोठी झाली.

तो तसाच उभा राहिला. त्याला भंते आठवले नाहीत, श्वास आठवला नाही. साहेबांच्या बोटावर फिरणारं बेअरिंग आठवलं. तीन महिन्यांपूर्वी रुग्णालयाच्या गच्चीवर वाजली ती हीच शिट्टी, ह्याच सुरातली. कठडा धरून बसलेल्या म्हातारीची बोटं आठवली. आणि “तुला कधी ऐकू आलं होतं?” हे स्वतःचं वाक्य, कुणीतरी परत परत ऐकवावं तसं.

कुटीत येऊन त्यानं बादलीला लाथ घातली. ती रिकामी होती, म्हणून आवाज दुप्पट झाला. ब्रश कोपऱ्यात भिरकावला. मग गुडघे टेकून पलंगाखालची ट्यूब काढली, स्टुलावर चढून जागेवर बसवली आणि चिठ्ठी लिहिली: ‘स्विच चालू करा. चोक, फ्रीज, पंप, सगळं ठीक आहे. मला घरी जायचंय.’

लाल पेन्सिल लगेच आली. ‘कारण?’

त्या एका शब्दासमोर तो संध्याकाळपर्यंत बसला. कारण लिहिलं तर ते खरं होणार होतं. आणि घरी जाऊन तरी काय? तिथेही शिट्टी आधीच जाऊन बसलेली असणार. शेवटी त्यानं कागदाच्या चार घड्या घालून उशीखाली ठेवला.

उरलेल्या तीन दिवसांत त्याला शांती वगैरे मिळाली नाही. तो बसायचा. ऐकू येतंय, म्हणायचा. श्वास घ्यायचा. पुन्हा ऐकू येतंय. दिवसातून दहा वेळा चिडायचा, दोनदा रडूही आलं. एवढंच की आता तो ती शिट्टी कुणाच्या तरी माथी मारायला धावत नव्हता. एकदा तर सबंध दोन श्वास शिट्टीकडे लक्षच गेलं नाही. ते लक्षात आलं आणि ती परत आली, तेव्हा तो इतका वैतागला की घटकाभर त्यानं बसणंच सोडून दिलं.

दहाव्या दिवशी मौन सुटलं. मुख्याध्यापिका हसत समोर आल्या. “बोला आता. मोकळे झालात.”

दहा दिवस जवळजवळ न वापरलेला त्याचा आवाज घोगरा निघाला. “बाई, एक अख्खा कागद मिळेल?”

तिथून तो घरी न जाता थेट भांडाराच्या खिडकीवर गेला. जोडीदार डझनाडझनानं बोल्ट मोजून पिशव्या भरत होता. मान वर न करता म्हणाला, “आलात का, महाराज? मिळाली शांती?”

“कसली शांती! हे वाच.”

जोडीदारानं हात पुसले आणि कागद घेतला. साहेबांना लिहिलं होतं. बेअरिंग दोन्ही चांगली होती. खोलणं-बसवणं बिनचूक होतं. जोडीदारानं आवाज नाही असं तोंडावर सांगितलं होतं, मी मानलं नाही. बिघाड माझ्या कानात आहे.

जोडीदारानं तो दोनदा वाचला. “कानात म्हणजे?”

“शिट्टी वाजते. आत्तासुद्धा वाजतेय.”

“आणि हे शोधायला तू दहा दिवस जंगलात गेलास? काखेत कळसा म्हणतात ते हेच.” मग त्याचा आवाज चढला. “अठरा वर्षं, लेका! तुझा कान खरा म्हणून माझा मी खुंटीला टांगून ठेवला. आणि तू मला त्या दोघांसमोर... ते हसले होते माझ्यावर. पाहिलंस ना?”

“पाहिलं.”

“मग?”

“माझं चुकलं.”

“हे या कागदात नाही.”

कानसेननं खिडकीतलं पेन ओढून घेतलं आणि खाली तेही लिहिलं. जोडीदार बघत होता. बरं वाटल्याचं त्यानं काही दाखवलं नाही, पण कागद घडी घालून स्वतःच साहेबांकडे घेऊन गेला.

साहेबांनी जोडीदाराला त्याच आठवड्यात लिफ्टवर परत घेतलं. कानसेनला आधी कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरनं सांगितलं की अशी शिट्टी पुष्कळांना असते, यंत्रांच्या खोल्यांत आयुष्य गेलेल्यांना जास्तच, ती हटेल असं सांगता येत नाही, तिच्याबरोबर राहायला शिका. “हे मला सर्दी झालेल्या एका माणसानं आधीच सांगितलं होतं,” कानसेन बायकोला म्हणाला. ती म्हणाली, “आणि मी?” पण टीव्हीचा आवाज तिनं स्वतःच दोन घरं वाढवला.

पुढच्या महिन्यात दोघं त्याच रुग्णालयाच्या गच्चीवर गेले. नेहमीची तपासणी होती. मोटर चालू होती. कानसेननं पिशवीतून लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर काढला, क्षणभर तसाच हातात धरला आणि मुठीकडून पुढे केला. मूठ त्याच्या कानाच्या घामानं काळी झालेली होती. जोडीदारानं ती पँटला पुसली, टोक मोटरवर ठेवलं, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले.

अर्धं मिनिट गेलं. कानसेनच्या कानात शिट्टी वाजत होती. तीच, तशीच. मोटर काय म्हणतेय ते त्या शिट्टीपलीकडून त्याला कळेना, आणि विचारल्याशिवाय राहवेना. “काय रे? मागचं बेअरिंग ना? थोडं—”

जोडीदारानं डोळे न उघडता हात वर केला. “गप्प बस जरा. ऐकू दे.”

कानसेननं ओठ आवळले आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. गप्प बसायचे दहा दिवस त्यानं काढले होते. हे एक मिनिट काही केल्या सरेना.